मारियाची मुळात तंतुवाद्यांचा ताफा असेल, तर त्यात ट्रम्पेट कुठून आला?

प्रश्न:
सप्रेम नमस्कार. मी बडोद्यात व्हायोलिन शिकते. मेक्सिकोच्या मारियाचीची जी ध्वनिमुद्रणे ऐकायला मिळतात, त्यांत ट्रम्पेटच सर्वांत पुढे असतो. तरीही जाणकार तिला तंतुवाद्यांची परंपरा म्हणतात, ते कसे? शिवाय तिचा ठेका हातावर धरू गेले, तर तो मधेच तीनाचा आणि मधेच दोनाचा वाटतो. कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद १:
ताई, जाणकारांचे म्हणणे बरोबर आहे. स्पॅनिश राजवटीत व्हायोलिन, हार्प आणि गिटारच्या जातीची वाद्ये मेक्सिकोत आली आणि तिथल्या कारागिरांनी त्यांना आपली घडण दिली. पाच तारांची, फुगीर पाठीची विहुएला आणि मोठ्या पोटाचा गिटारोन ही दोन्ही तिथलीच. गिटारोनला पडदे नसतात. वादक एकाच स्वराच्या, सप्तकाच्या अंतरावरील दोन तारा एकदम छेडतो, म्हणून उघड्या चौकातही त्याचा खर्ज ऐकू येतो. हालिस्को राज्य आणि त्याच्या आसपासच्या पश्चिम भागात असे ताफे गावच्या नाचांना वाजवत. 1852 साली तिथल्या एका पाद्र्याने बिशपला लिहिलेल्या पत्रात अशा गोंगाटी मेळ्यांची तक्रार ‘मारियाची’ याच नावाने केली आहे. 1908 मध्ये कोकुला गावच्या चौघांची ध्वनिमुद्रणे झाली, त्यांत ट्रम्पेट नाही. तो रुजला 1930 नंतर, रेडिओ आणि चित्रपटांच्या काळात. पुढे दोन ट्रम्पेटांची जोडीच प्रमाण ठरली. युनेस्कोने 2011 मध्ये मारियाचीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, तेव्हाही नोंदीच्या शीर्षकात तंतुवाद्ये आधी आणि ट्रम्पेट शेवटी, असाच क्रम ठेवला. मला तो योग्य वाटतो.

प्रतिसाद २:
ठेक्याविषयी लिहितो, कारण गरब्याला ढोलकची साथ करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. गरब्याच्या आपल्या हींच या तालाच्या सहा मात्रा घ्या. पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी दिली, की तीन-तीनचे दोन खंड पडतात. त्याच लयीत पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर टाळी दिली, की दोन-दोनचे तीन पडतात. मारियाची वाजवते त्या मेक्सिकोच्या ‘सोन’ या गीतप्रकारात या दोन्ही विभागण्या आळीपाळीने येतात, कधी एकाच वेळी वेगवेगळ्या वाद्यांवर चालतात आणि नाचणाऱ्यांच्या टाचाही त्यांवरच पडतात. तेव्हा आपल्या कानाला जाणवले ते बरोबरच आहे. आधी डाव्या हाताने तीनाचे खंड पक्के करावेत, मग उजव्या हाताने दोनाचे मिसळावेत.

प्रतिसाद ३:
वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, मात्र व्हायोलिनच्या विद्यार्थिनीने केवळ मारियाचीवर थांबू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. मेक्सिकोच्या ईशान्येकडील वास्तेका प्रदेशात एक व्हायोलिन आणि गिटारच्या जातीची दोन वाद्ये, एक छोटी हाराना आणि एक मोठी वापांगेरा, एवढ्या तिघांचाच मेळ असतो. गायक मधेच खोट्या आवाजात वरच्या स्वरावर झेप घेतो आणि दोन कडव्यांमधली जागा व्हायोलिनवादक आयत्या वेळी सुचलेल्या हरकतींनी भरून काढतो. गजाच्या कामाचा असा मोकळा विस्तार मारियाचीत मिळत नाही, कारण तिथे व्हायोलिने एका ओळीत, ठरवून वाजतात. व्हेराक्रूझ बंदराकडच्या ‘सोन हारोचो’ या प्रकारात हार्प, हाराना आणि शिंगाच्या लांब नखीने वाजवला जाणारा, गिटारच्याच जातीचा रेकिंतो असतो; लोक लाकडी फळ्यांच्या मंचावर नाचतात, त्यामुळे पावलांचा आवाज हेही तिथे तालवाद्यच होते. त्या बंदरातून गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचा या लयीतला वाटा मोठा आहे, आणि मारियाचीच्या झगमगाटात तो फार कमी सांगितला जातो. आपण सुरुवात वास्तेकापासून करावी.