मदत हवी आहे : थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांचं गणित
तालुक्याच्या छोट्या इंजिनिअरिंग कॉलेजात एम-३, म्हणजे दुसऱ्या वर्षाचं गणित, शिकवते. वर्गात ५८ जण. १९ जण डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेत, म्हणजे पहिल्या वर्षाचं गणित, एम-१, एम-२, झालेलंच नाही. (वर्कशॉपमध्ये मात्र हेच पुढे!) चौघं पीएमएसएसएस या पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेतून आलेली, जम्मू-काश्मीरची, अडलं की मी मराठीत समजावते, तेव्हा ती नुसती बघत बसतात. एम-३ मधलं लाप्लास ट्रान्सफॉर्म सुरू केलं आणि त्याला लागणाऱ्या इंटिग्रेशन बाय पार्ट्सपाशीच (गुणाकाराचं इंटिग्रेशन करायची रीत) गाडी अडली.

शनिवारी जादा तास ठेवला, पण पाचची एसटी चुकायला नको म्हणून सातच जण थांबतात. व्हिडिओ पाठवले, बघितले किती जणांनी, देव जाणे. वेगळी तुकडी शक्य नाही, गणिताला मी एकटीच.

हातात सहा ट्युटोरियल आहेत. तेवढ्यात एम-१, एम-२ मधलं नेमकं काय घेऊ आणि काय सोडू?