बाळाच्या अंगी दूध लागत नाही. बाळसं धरेपर्यंत ऑपरेशन थांबवावं का?

दांडियाबाजारची आजी
नमस्कार. बडोद्यात राहते. नातू चार महिन्यांचा. जन्मला तेव्हा 2 किलो 800 ग्रॅम, काल भरला 4 किलो 300. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक आहे, डॉक्टर व्हीएसडी म्हणतात.

दूध ओढायला लागला की पाच मिनिटांत कपाळावर घाम डवरतो, तोही ऐन थंडीत. झबल्याचा गळा चिंब. पोट उडायला लागतं, मग दमून तोंडात धरूनच झोपतो. अर्ध्या तासात भुकेने रडत उठतो.

खरं सांगते, पहिले दोन महिने मी सुनेलाच बोलले. तुझं दूध पातळ आहे, म्हटलं. तिच्या आईलाही फोनवर ऐकवलं. शेजारच्या बांनी दृष्ट काढली, मी बाळगुटी उगाळली.

डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन लांबवू नका. आमचे हे म्हणतात, एवढ्याशा जिवाला कसं चिरणार, आधी बाळसं धरू दे. गाईचं दूध, नाचणीसत्त्व सुरू केलं तर चालेल का?

मांजलपूरची आई
आजी, आमची लेक अगदी अशीच. अहमदाबादला सातव्या महिन्यात भोक बंद केलं, तेव्हा 5 किलो 100 होती. त्याआधी सहा किलो व्हायची वाट बघत बसलो. वजन काही आलं नाही, न्यूमोनिया मात्र दोनदा आला.

लघवीचं औषध सुरू केल्यावर आठवड्यात 150 ग्रॅम उतरली. मी रडायचीच बाकी होते. ते अंगातलं साठलेलं पाणी गेलं होतं. उलट दोन दिवसांत वजन एकदम चढलं आणि धाप वाढली, तर आनंदू नका, दवाखाना गाठा. आणि वजन दर वेळी त्याच काट्यावर, कपडे काढून करा. आमचे दोन काटे दोन तऱ्हेचं बोलायचे.

दहा मिनिटं अंगावर पाजायचे, उरलेलं काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने. पुढे काही आठवडे नाकातून नळीही होती. सासूबाईंना ती बघवायची नाही, पण त्या नळीनेच ती टिकली. ऑपरेशननंतर आधी वजन नाही वाढलं, आधी झबलं कोरडं राहायला लागलं.

आहारतज्ज्ञ, रावपुरा
आजी, दूध पातळ नाही. भोकातून बरंचसं रक्त परत फुप्फुसांकडेच जातं, त्यामुळे हृदय आणि श्वास दोन्ही दुप्पट राबतात. निरोगी तान्ह्याला किलोमागे साधारण 100 ते 110 कॅलरी लागतात, अशा बाळांना 120 ते 150. हिशेब करा: 4.3 किलोला 140 धरले तर 600 कॅलरी. आईच्या 100 मिली दुधात जेमतेम 67. म्हणजे दिवसाला 900 मिली. पाच मिनिटांत दमणारं बाळ ते पिणार कसं? शिवाय हृदयावर ताण नको म्हणून एकूण पाण्यावरही मर्यादा असू शकते.

म्हणून काढलेल्या दुधातच कॅलरी वाढवतात, कधी विशिष्ट पावडर, कधी मोजून तेल. प्रमाण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञच ठरवतील. घरच्या घरी अंदाजाने घालाल तर जुलाब लागतील. गाईचं दूध, नाचणी, वरचं पाणी, गुटी, मध यांतलं आत्ता काहीच नको. सहा महिन्यांनंतर नाचणी बघू, तीही दाट.

निजामपुऱ्याचे काका
आमच्या पुतण्याचं भोक आपोआप बुजलं. उगाच घाई करू नका.

आहारतज्ज्ञ, रावपुरा
काका, लहान भोकं पुष्कळदा बुजतात, आणि ती मुलं सहसा अशी घामाघूम होत नाहीत. मोठं भोक फार दिवस उघडं राहिलं तर फुप्फुसांतला दाब चढतो, आणि तो एका हद्दीपलीकडे गेला की ऑपरेशनही करता येत नाही. आजी, खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. 2013 पासून त्यात जन्मजात हृदयदोष धरलेले आहेत.

दांडियाबाजारची आजी
900 मिलीचा हिशेब यांना वहीत मांडून दाखवला. बँकेत होते, आकड्यापुढे गप्प बसतात. सोमवारी अहमदाबादला जातोय. गुटीची सहाण माळ्यावर टाकली. सुनेला तोंडाने काही बोलता आलं नाही, पण रात्री दोनचं वाटी-चमच्याचं दूध आता मी पाजते, ती झोपते. विहीणबाईंना फोन करायचा आहे, तो अजून झालेला नाही.

मांजलपूरच्या ताई, तिकडे वाटी-चमचा उकळायची सोय असते, की घरून छोटा कुकर न्यावा?