पोरीसाठी दमदार नाव सुचवा ना, बारसं रविवारी आहे

मानेवाड्याची_आई:
दुसरी पण मुलगीच झाली, आम्ही खूश आहोत. प्रॉब्लेम नावाचा आहे. मोबाईलवर लीडरशिपवाली नावं शोधली की मुलांची धडाधड येतात, सम्राट, अधिराज, विक्रम, अजिंक्य, आणि मुलींचं पाहायला जा तर कोमल, मृदुला, नाजुका. काऊन बाप्पा, पोट्टीनं पुढं जायचं नाही का? त्यात हस्त नक्षत्र, तिसरा चरण, गुरुजींनी अक्षर काढून दिलं ण! आता ण वरून काय ठेवू सांगा. सासरे म्हणतात नाव नाजूकच पाहिजे, नवरा म्हणतो तुला आवडेल ते ठेव, म्हणजे उद्या काही झालं तर माझ्यावर.

तर्री_पोहा:
ण वरून नाव नाहीच जी, लोक सरळ न घेतात किंवा पत्रिकेतलं वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं ठेवतात. न वरूनच पाहिजे असेल तर नेत्री ठेवा. नेता चं स्त्रीलिंग आहे, डायरेक्ट अर्थ. फक्त लोक विचारतील अभि कुठं राहिला 😄

महालकर:
आपल्या नागपूरच्या महाल भागात बांकाबाई भोसले होऊन गेल्या, राजे रघुजी तिसरे लहान होते तेव्हा राजवाड्याची सूत्रं त्यांच्याकडे होती. पण बांका नाव आज कोणी ठेवणार नाही. जिजा ठेवा, जिजाऊंचं सिंदखेडराजा आपल्या विदर्भातलंच. नाहीतर संघमित्रा, सम्राट अशोकाची मुलगी, धम्म घेऊन थेट श्रीलंकेला गेली. आमच्या गल्लीत दोन आहेत, दोघी एक नंबर भांडखोर.

खडू_डस्टर:
मी पहिलीला शिकवते, म्हणून अर्थाचं सोडून एक सांगते. माझ्या वर्गात एक मनस्विनी आहे, किती सुंदर नाव, मनाची खंबीर, पण ती पोर दिवाळीपर्यंत मनसवीनी लिहित होती आणि शेजारची जिजा दोन अक्षरं खरडून केव्हाची डबा खात बसलेली. अपराजिता, ओजस्विनी, राजेश्वरी सगळी भारी नावं आहेत पण घरी अपू, ओजू, राजूच होतं. आकांक्षा म्हणाल तर अर्थ सरळ महत्त्वाकांक्षेचा, पण मैदानात नुसतं आकांक्षा म्हटलं की चार जणी वळून बघतात. आणि एक खरं सांगू का, वर्गात मॉनिटर कोण होईल ते नावावर नसतं, आमची मॉनिटर कोमल आहे, पोरं टरकतात तिला.

बर्डीवाला_काका:
रविवारपर्यंत नाही जमलं तरी घाबरू नका. २१ दिवसांत जन्माची नोंद झाली पाहिजे, नाव नंतर टाकता येतं, एक वर्षापर्यंत फुकट, पुढं १५ वर्षांपर्यंत लेट फी भरून. आणि आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांना आईचं नाव पण लागते, आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, म्हणजे एवढी मोठी लाईन होते, पहिलं नाव छोटंच बरं. स्पेलिंग स्वतः लिहून द्या, तोंडी सांगू नका. आमच्या नातीचं ईशानी, अर्थ चांगला आहे, सत्ता चालवणारी, पण दवाखान्यातल्या माणसानं इंग्रजीत एक अक्षर खाल्लं आणि मग अफिडेव्हिट करा, झेरॉक्सा काढा, तीन चकरा, उन्हाळ्यात, मे महिन्यात, तुम्हाला आपल्या नागपूरचा मे माहीत आहे.

मानेवाड्याची_आई:
सगळ्यांना थँक्यू. नेत्री मला भयंकर आवडलं होतं पण सासूबाई म्हणाल्या डोळ्यांच्या दवाखान्याचं नाव वाटते, आणि आता माझ्या पण डोक्यातून ते जातच नाहीये. ईश्वरी आणि जिजा उरलेत. खडू ताई, तुमचं वाचून जिजाकडं झुकून राहिली मी. मोठीच्या हातून चिठ्ठी काढू. आजीनं मात्र वाट न बघता कालपासून ठमी सुरू केलंय, आणि गुरुजी म्हणाले ठ पण हस्ताचंच आहे, फक्त चौथ्या चरणाचं 😂