जीपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: कोणता बसवावा?

बी-३०२: नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधली माझी जीप सीजे-७ सगळ्यांना माहीत आहे. १९८४ चं मॉडेल, ४.२ लिटर सहा सिलिंडर इंजिन, मूळचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक, टॉर्कफ्लाइट ९९९. हल्ली चढाला गिअर घसरतो. इंजिन ओरडतं, गाडी सरकत नाही. ऑईल काळं पडलंय, जळका वास येतो. हाच बॉक्स खोलून नवा करून घेऊ की दुसरा बसवू? टायर ३३ इंची आहेत. मॅन्युअल नको, कारण बाबाही चालवतात आणि त्यांच्या डाव्या गुडघ्याला क्लच झेपत नाही.

ए-२०४: दादा, बॉक्स उतरवणारच आहेस तर जनरल मोटर्सचा चार गिअरचा ऑटोमॅटिक ७००आर४ टाक. तुझ्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.७४ आहे, त्याचं ३.०६; आकडा मोठा तितकी ओढ जास्त. वर चौथा ओव्हरड्राइव्ह ०.७०, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. खडकात हळू, हायवेला शांत. फक्त १९८७ नंतरचा घे, आधीचे नाजूक होते.

डी-४०१: मी टीएच४०० म्हणेन, जनरल मोटर्सचाच तीन गिअरचा ऑटोमॅटिक. १९७६ ते १९७९ च्या सीजे-७ मध्ये कंपनीच तो देत होती. मोठ्या ट्रकमध्ये वापरलेला बॉक्स आहे, तुटणार नाही.

सी-१०१: दोघांचंही ऐकलं, पण आधी एक सांग. डिफरन्शियलचं, म्हणजे शाफ्टची ताकद चाकांकडे वळवणाऱ्या गिअरपेटीचं, गुणोत्तर किती आहे? माहीत नसेल तर गाडी न्यूट्रलला, पुढच्या चाकांना ओट लाव. मागचं एक चाक जमिनीवर ठेवून दुसरं उचल आणि ते बरोबर दोन फेरे फिरव. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट (डिफरन्शियलला फिरवणारा लांब दांडा) जितके फेरे घेईल ते तुझं गुणोत्तर.

बी-३०२: काका, केलं. सव्वातीनच्या थोडं वर येतंय.

सी-१०१: म्हणजे ३.३१. त्या काळी सीजेला हे यायचं. कंपनीच्या लहान टायरवर ते ठीक होतं. ३३ इंचावर गाडी जड पडते आणि तो भार गिअरबॉक्सच सोसतो.

आता हिशोब बघ. तुझ्या डाना ३०० ट्रान्सफर केसचा, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचा, लो (हळू पण जोराचा गिअर) २.६२ आहे. पहिला गिअर, लो आणि डिफरन्शियल यांचा गुणाकार आज येतो साधारण २३.८. ७००आर४ बसवलास तर २६.५. आणि बॉक्स हाच ठेवून फक्त डिफरन्शियलमधलं क्राऊन-पिनियन (दातेरी चाकांची जोडी) ४.१० चं केलंस तर २९.४. बॉक्स बदलून जे मिळतं त्याच्या दुप्पट फायदा डिफरन्शियलमधून मिळतोय. टीएच४०० चा पहिला गिअर २.४८ आहे, त्याने आकडा २१.५ वर घसरतो. दणकट आहे हे मान्य, पण जडही आहे आणि स्वतःला फिरवायलाच ताकद खातो. मोठ्या व्ही-८ ला शोभतो. या सहा सिलिंडरला कशाला?

ए-२०४: पण काका, हायवेचं काय? ४.१० केलं की इंजिन फार फिरणार. ओव्हरड्राइव्ह तिथेच लागतो.

सी-१०१: तेही मोजून बघू. ३३ इंची टायर ताशी ९० किलोमीटरला मिनिटात साधारण ५७० फेरे घेतो. ३.३१ वर, थेट म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन १,८९० च्या आसपास. ४.१० वर २,३४०. कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑईलमधून बॉक्सला देणारा डबा) थोडा घसरतो, त्यामुळे प्रत्यक्षात किंचित जास्त धर. ४.२ ला यात काहीच त्रास नाही.

आता आजच्या ३.३१ वर ०.७० चा ओव्हरड्राइव्ह लावला तर आकडा १,३२० होतो. एवढ्या रुंद, उभ्या गाडीला वाऱ्याविरुद्ध ओढायला इंजिनात त्या फेऱ्यांवर दम नसतो. जरा चढ आला की बॉक्स तिसऱ्यात उतरणार, पुन्हा चौथ्यात जाणार, पुन्हा उतरणार. या खेळात ऑईल तापतं आणि बॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटी जातात. पुढे कधी ३५ इंची टायर आणि ४.८८ चं क्राऊन-पिनियन घातलंस आणि लांबचे प्रवास वाढले, तर ओव्हरड्राइव्हचा विचार जरूर कर. आज तो तुझ्या कामाचा नाही.

आणि ४.१० करायचं तर पुढचं-मागचं दोन्ही एकदमच. वेगवेगळी ठेवून फोर-व्हील लावलंस तर काहीतरी मोडेल.

डी-४०१: पटलं. जीप चेरोकीचा एडब्ल्यू४ ऑटोमॅटिक कसा? चार गिअर, पहिला २.८०, जपानच्या आयसिन कंपनीने बनवलेला, चांगला टिकतो म्हणतात.

सी-१०१: बॉक्स उत्तम आहे, मला फार आवडतो. पण त्याचे गिअर कॉम्प्युटर बदलतो. वायरिंग, थ्रॉटल सेन्सर, वेगाचा सेन्सर, सगळं या कार्ब्युरेटरच्या गाडीत नव्याने बसवावं लागेल. दुसरं म्हणजे चेरोकीच्या ट्रान्सफर केसचा पुढचा शाफ्ट डावीकडून निघतो, सीजेचा पुढचा डिफरन्शियल उजवीकडे आहे. म्हणजे ती केस चालणार नाही, डाना ३०० साठी अॅडॅप्टर शोधायचा. अॅडॅप्टर आला की लांबी वाढण्याची शक्यता आली. सीजे-७ चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) ९३.५ इंचांच्या आसपास. मागचा शाफ्ट आधीच आखूड आहे, तो आणखी आखूड झाला की त्याचा कोन वाढतो, गाडी थरथरते आणि जॉइंट क्रॉस लवकर जातात. ७००आर४ लाही अॅडॅप्टर लागतोच. वर त्याची थ्रॉटलची केबल. ती कार्ब्युरेटरवर नेमकी जुळली नाही तर आतला दाब कमी पडतो आणि चांगला बॉक्स थोड्या दिवसांत जळतो.

सेक्रेटरी ताई: चर्चा चालू द्या, मलाही वाचायला आवडतंय. फक्त गाडीखाली ट्रे ठेवा, ऑईल उताराने शेजारच्या जागेपर्यंत गेलंय. आणि बॉक्स उतरवायचं काम गॅरेजमध्येच करा, पार्किंगमध्ये गाडी जॅकवर ठेवू नका. लहान मुलं खेळतात तिथे.

बी-३०२: हो ताई, आजच ट्रे ठेवतो. काका, मग हाच बॉक्स नवा करून घेतो. क्राऊन-पिनियनही बदलतो. कारागिराला नेमकं काय सांगू?

सी-१०१: आधी हा का जळला ते शोधायला सांग. नुसते सुटे भाग बदलले आणि कारण तसंच राहिलं, तर हाही जळेल. ऑईलची पातळी तू कशी बघत होतास? या टॉर्कफ्लाइटची पातळी इंजिन गरम आणि चालू असताना, गिअर न्यूट्रलला ठेवून बघायची. पार्कमध्ये याचा पंप कन्व्हर्टरला ऑईल देत नाही, म्हणून काडीवर खोटा आकडा दिसतो. मग कार्ब्युरेटरपासून बॉक्सपर्यंत येणारी थ्रॉटलची सळई बघायची. ती ढिली असेल तर दाब कमी आणि प्लेटी घसरणार. माझा पहिला संशय तिच्यावरच आहे.

मग कूलर. जळलेल्या प्लेटींचा चुरा रेडिएटरमधल्या कूलरमध्ये आणि नळ्यांमध्ये अडकून बसतो. नवा बॉक्स जोडला की तो चुरा थेट आत. नळ्या धुवून घे आणि बाहेरून एक वेगळा कूलर लाव. पॅनमध्ये तापमापक बसव, ही माझी हट्टाची गोष्ट समज. ऐंशी-नव्वद अंशांत असेल तर निश्चिंत, एकशेवीसच्या वर गेलं की थांबायचं आणि न्यूट्रलला इंजिन चालू ठेवून थंड होऊ द्यायचं. बाबांनाही सांग, दगडातल्या चढाला हाय रेंजमध्ये रेटत बसू नका, लो लावा. हायमध्ये कन्व्हर्टर घसरत राहतो आणि सगळी ताकद उष्णता होऊन ऑईलमध्ये जाते.

बी-३०२: कन्व्हर्टर जुनाच ठेवला तर चालेल? तो तर फुटलेला नाही.

सी-१०१: नको. तो बंद डबा असतो, आतला चुरा धुऊन निघत नाही. नवा किंवा कापून साफ केलेलाच घे. आणि बसवताना तो पंपाच्या दातांत पूर्ण आत गेला पाहिजे. अर्धवट राहिला आणि बोल्ट आवळले तर पंप फुटतो. बॉक्स इंजिनला टेकवला की बोल्ट आवळायच्या आधी मला बोलाव. कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतो का, ते मी येऊन बघतो.