आधीच्या मालकांची जुगाडं कुठून उपटायला घेऊ? – इसेटा ३००

अर्धापाना:
बीएमडब्ल्यू इसेटा ३०० ही जुनी, छोटीशी मोटार हाती आली आहे. २९८ सीसी, एक सिलिंडर, १३ हॉर्सपॉवर. इंजिन मुळात बरं वाटतंय, पण आधीच्या मालकांनी (दोन तरी नक्की, दोघांच्या कामाची पद्धत वेगळी दिसते) जे करून ठेवलंय ते बघून डोक्याला हात लावला. तळाचा पत्रा फायबरग्लासने लिंपलाय. वायरिंग सगळं लाल, जोडांवर चिकटपट्टी. मागची चाकं फिरवणाऱ्या चेनच्या पेटीत ऑइलऐवजी ग्रीस कोंबलंय. ब्रेक पेडल दोन-तीनदा दाबल्यावर लागतो. दार आपटल्याशिवाय बसत नाही. सेल्फ कण्हतो म्हणून बॅटरीपासून जाड वायर ओढलीय, तरी कण्हतोच. ॲक्सिलरेटरची केबल सारखी जाम होते, तिचं आवरण वितळल्यासारखं दिसतंय.
प्रदर्शनात मांडायची नाही, चालवायची आहे. सगळी खोलू की एकेक करत जाऊ?

लोखंडी_चणे:
सगळी खोला. चॅसिस उघडी पडेपर्यंत थांबू नका. एकेक करत बसलात तर तेच तेच काम पुन्हा निघेल.

उलटा_आटा:
खोलायला दोन शनिवार पुरतात, जोडायला माणसं सापडत नाहीत. अर्धवट खोलून खोक्यांत भरलेल्या गाड्याच विकायला निघतात, हे चणेसाहेबांनाही ठाऊक आहे.

अर्धापाना, तुमच्या यादीतल्या दोन तक्रारी मला एकच वाटतात. सेल्फ आणि केबल. इंजिन रबरावर बसवलेलं असतं, म्हणजे चॅसिसशी त्याचा धातूचा संबंध अर्थिंगच्या पट्टीपुरताच. ती पट्टी तुटली किंवा रंगावरच आवळली, तर सेल्फचा करंट परतीची वाट शोधतो आणि सापडते ती ॲक्सिलरेटरची केबल. ती तापते, आवरण वितळतं, तार अडकते. बॅटरीपासूनची वायर कितीही जाड केली तरी फरक पडणार नाही, कारण अडथळा परतीच्या बाजूला आहे. पट्टीची दोन्ही टोकं चकचकीत घासून आवळा, मग सेल्फ मारून बघा. इसेटात स्टार्टर आणि जनरेटर एकच यंत्र असतं, डायनास्टार्ट. त्यामुळे अर्थिंग सुधारलं की चार्जिंगही सुधारू शकतं. डायनास्टार्ट खोलायची घाई नको.

म्हणून माझं म्हणणं असं, की जुगाड उपटण्याआधी ते कशासाठी केलं होतं ते शोधा. नुसतं उपटलंत तर मूळ दुखणं तसंच राहील आणि पुढच्या खेपेला तुम्हीच नवं जुगाड कराल.

कार्ब्युरेटर_आजोबा:
आट्यांशी सहमत, पण ब्रेकला हा नियम लावू नका रे. तिथे शोध नंतर. हायड्रॉलिक लाइन एकच, एक गळती म्हणजे चारही चाकं मोकळी, उरतो फक्त हँडब्रेक. ब्रेक ऑइलच्या टाकीत काय ओतलंय ते कळायला मार्ग नाही. डॉट ४ हे नेहमीचं ब्रेक ऑइल आणि सिलिकॉनचं डॉट ५ एकमेकांत मिसळत नाही, आणि कुणी इंजिन ऑइल ओतलं असेल तर रबरं फुगलेली असतील. होज, मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलतो तो) आणि चाकांवरच्या सिलिंडरांचं सगळं रबर बदला, नळ्या धुऊन काढा. तोवर गाडी रस्त्यावर नाही.
पेट्रोलचा पाइपही आजच बदला. टाकी वर, पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली येतं. जोड सुटला तर इंजिन बंद करूनही गळत राहणार.

अर्धापाना:
आजोबा, ब्रेकचं सामान मागवतोय. आटेदादा, पट्टी होतीच, रंगावर बसवलेली! घासून आवळल्यावर सेल्फ एका दमात फिरला. नवी केबलही टाकतो. आता दार आणि तळ?

उलटा_आटा:
वा! दार आणि तळ हेही बहुधा एकच प्रकरण. गाडीचं अख्खं नाक म्हणजे दार, आणि स्टिअरिंगचा दांडा दाराबरोबर बाहेर येतो. तळ गंजून बसला की दाराची चौकट वाकडी होते. मग कुणीतरी बिजागरीत वॉशर घालतं, कुलूप ठोकून वाकवतं. म्हणून आधी फायबरग्लास काढा, तळाचा पत्रा आणि चॅसिसच्या नळ्या टोच्याने टोचून बघा. नळ्या आतून गंजतात, वरचा रंग छान असला तरी. पत्रा कापायच्या आधी चौकटीत आडवे-तिरपे पाइप टाकून ती बांधून घ्या, नाहीतर वेल्डिंगनंतर दार कधीच बसणार नाही. पेट्रोलची टाकी आधी उतरवून लांब न्या. गंजक्या पत्र्यावर ठिगळ नको, चांगला पत्रा लागेपर्यंत कापा. बिजागरी सगळ्यात शेवटी.

लोखंडी_चणे:
म्हणजे शेवटी बरीचशी खोलायचीच ना? :)
चेनच्या पेटीचं राहिलं. ग्रीस चेनच्या वाटेतून बाजूला सरकून भिंतीला चिकटतं, चेन कोरडी फिरते. पेटी गळत होती म्हणूनच ते कोंबलं असणार. धुवा, सील बदला, ऑइल भरा. आणि इंजिनच्या जोडांवर गळती बुजवायचं सिलिकॉन दिसलं तर बाहेर आलं तेवढंच आतही गेलेलं असतं. ऑइल बदलताना त्याचे तुकडे निघतात का बघा. निघाले तर मात्र इंजिन खोलावंच लागेल.

अर्धापाना:
एक गोष्ट मात्र ठेवावी म्हणतो. कुणीतरी हेडलाइटला वेगळा फ्यूज आणि रिले टाकलाय, काम नीट आहे.

कार्ब्युरेटर_आजोबा:
ठेवा की! वायरवर चिठ्ठी लावा आणि आकृती काढून ठेवा, म्हणजे तुमच्यानंतरचा मालक तुमच्या नावाने बोटं मोडणार नाही.