नाव मोठं, खर्ज खोटा

जवारीवाला, मिरज

परवा एका भाच्यानं इथं टाकलेली पोस्ट: "दोन हजारांच्या आतला हेडफोन घालून गाण्यावर मतं देणाऱ्यांनी गप्प बसावं. मी सव्वीस हजारांचा घेतला, तेव्हा कळलं गाणं म्हणजे काय. ब्रँड उगाच होत नसतो." खाली शे-दीडशे बदाम. रात्री वाचली, सकाळी कानस हातात घेतली तरी डोक्यातून जाईना. म्हणून लिहितोय. लांबेल.

मी तंबोऱ्याची जवारी काढतो, म्हणजे तारेतली गुणगुण जागी करतो, पस्तीस वर्षं झाली. तारा जिच्यावर टेकतात त्या हाडाच्या घोडीवर कानस फिरवायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, ऐकायचं, परत कानस. केसभर जास्त घासलं की तार किरकिरते, कमी घासलं की मुकी राहते. माझं पोट कानावर चालतं, एवढंच सांगायचंय.

गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक आला, गळ्यात झगझगीत हेडफोन. "काका, ऐकून तर बघा." मी माझ्याच तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. पेटीच्या काळी एक पट्टीला लावलेला तंबोरा, म्हणजे खर्ज, सगळ्यात खालच्या सुराची तार, साधारण 69 हर्ट्झचा. त्या हेडफोनात खर्ज असा फुगला होता, जणू भोपळ्यात कुणी उशी कोंबलीय. आणि वरची गुणगुण, जिच्यासाठी आम्ही हाडाची भुकटी नाकातोंडात घेतो, ती गायब. गिऱ्हाईक म्हणतो, "कसला भरीव आवाज हाय ना!" भरीव नाही रे बाबा, सुजलाय तो.

बीट्स या हेडफोनवाल्या कंपनीचंच बघा. 2008 मध्ये पहिला हेडफोन आला. गाण्यांच्या व्हिडिओत दिसला, खेळाडूंच्या गळ्यात दिसला, आणि 2014 मध्ये ॲपलनं अख्खी कंपनी 3 अब्ज डॉलरला घेतली. त्या पैशात कानाचे किती आणि गळ्याचे किती, हिशेब तुम्हीच करा. उलट कॉस कंपनीचा पोर्टा प्रो हेडफोन 1984 पासून जवळजवळ त्याच तोंडवळ्यानं विकला जातोय. दिसायला स्टेथोस्कोपचा चुलतभाऊ, पण गातो. मी स्वतः मूनड्रॉपचे वायरवाले चिनी इअरफोन वापरतो, दोन हजारांच्या आतले. म्हणजे भाच्याच्या नियमानं मी गप्प बसायला पाहिजे.

सांगलीकर_सध्या_पुण्यात

काका, धुतलेला भाचा मीच. नमस्कार.

तुमचा मान राखून सांगतो, तुम्ही मिरजेत बंद खोलीत ऐकता. तुम्हाला शांतता फुकट मिळते, आम्हाला विकत घ्यावी लागते. रोज जाऊन-येऊन अडीच तास कंपनीच्या बसमध्ये, शेजारचा फोनवर रील लावून बसलेला, खाली इंजिनाची घरघर. तुमचे चिनी इअरफोन तिथं काय करणार? मी सव्वीस हजार दिले ते नॉइज कॅन्सलिंगला. बाहेरचा आवाज माइकनं टिपायचा आणि त्याची उलटी लाट कानात सोडायची, हे काय कानस फिरवून होत नाही. बोस कंपनीच्या अमर बोस यांना ही कल्पना 1978 मध्ये विमानात बसल्यावर सुचली आणि वैमानिकांसाठी पहिला हेडसेट बाजारात आला 1989 मध्ये. अकरा वर्षं. त्याचे पैसे नको का द्यायला?

आणि हो, स्वतःच्या पगाराचे आहेत. बाराचे हप्ते. त्यातले सात फिटलेत.

जवारीवाला, मिरज

मग पोस्टमध्ये "इंजिनाची घरघर थांबली" असं लिहायचं. "गाणं कळलं" कशाला लिहिलंस?

आकडेमोड

दोघांनी थांबा. 2017 मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 283 हेडफोनांचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (खालचे-वरचे सूर किती मोठे ऐकू येतात ते) आणि किंमत यांची तुलना केली होती. संबंध सापडला नाही. महाग म्हणजे चांगला नाही, तसंच स्वस्त म्हणजे चांगला असंही नाही. हर्मन या ऑडिओ कंपनीत संशोधक शॉन ऑलिव्ह यांनी ब्रँड दिसू न देता लोकांना हेडफोन ऐकवले, तेव्हा शिकलेले कान आणि साधे कान यांची पसंती बऱ्यापैकी एकाच आवाजाकडे झुकली. त्यामुळे "माझे कान वेगळे" हा दावा दोघांनीही जरा जपून करावा.

सांगलीकर_सध्या_पुण्यात

आला पेपर. सर, त्यात माइक मोजला का? बॅटरी? दोन तास घातल्यावर कानाची पाळी दुखते का, ते?

आकडेमोड

नाही. पण विषय आवाजाचा होता.

मारुती_रोडचं_दुकान

मी विकतो, म्हणून मी सांगतो. गिऱ्हाईक दुकानात येतं आणि पहिलं विचारतं, "रंग कुठले हायत?" दुसरं, "बास कसाय?" तिसरा प्रश्न किंमत. गायकाचा आवाज कसा येतो, हे मला अकरा वर्षांत फक्त एका बाईंनी विचारलं, त्या भजनी मंडळाच्या होत्या. त्यांना मी साडेचारशेची वायरवाली जोडी दिली, अजून वापरतात.

मोठ्या नावाचं माझं दुखणं वेगळं आहे. एका नामांकित कंपनीच्या सहा जोड्या गॅरंटीत परत पाठवल्या, सगळ्यांचा डावा कान मेलेला. चार महिने "प्रक्रियेत आहे". इकडं गिऱ्हाईक मला शिव्या घालतंय, जसं काय मी घरात बसून ती डावी बाजू मारली. शेवटी दोन खिशातून बदलून दिल्या. वर डब्यावरचे स्टिकर, होलोग्राम सगळं हुबेहूब असलेला नकली माल येतो, तो मलाही पटकन ओळखू येत नाही. इथं छातीठोक बोलणाऱ्यांनी एकदा आपला डबा तपासावा.

आणि ही बासची भूक हेडफोनवाल्यांनी नाही लावली. ती डॉल्बीनं लावली. गणपतीत छाती हादरली म्हणजे गाणं झालं, असं वाटणारी अख्खी पिढी तयार झालीय. तिला तंबोरा ऐकवून काय उपयोग?

बासकिंग_ऑपरेटर

दुकानदार, तोंड सांभाळून. आमचा धंदा हाय तो. गणपती आन् लग्नसराई, वर्षाचे मोजून चार महिने. 2019 च्या पुरात माझे चार अठरा इंची बास आन् दोन ॲम्प्लिफायर पाण्यात गेले, कर्ज अजून चालूय. तवा कोण आलं न्हाई विचारायला. आता हेडफोनच्या धाग्यात बी आमीच आरोपी?

गावभागातली_सून

दादा, पुराचं वाईट वाटतं, आमच्याही घरात छातीएवढं पाणी होतं. पण मागच्या विसर्जनाला आमच्या खिडकीची काच तडकली. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या, कानात कापूस घालून स्वयंपाकघरात बसल्या होत्या, त्यांचा हात धरून मी बसले. कार्यकर्त्याला सांगायला गेले तर म्हणतो, "वहिनी, वर्षातनं एकदा." वर्षातनं एकदा गणपती, एकदा दहीहंडी, एकदा कुणाची तरी जयंती, आणि वाढदिवस तर नगरसेवक संपेपर्यंत.

विष्णुदासांच्या_गावचा

नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. आपल्याकडे 55 डेसिबलमध्ये आरतीसुद्धा होत नाही, हे मान्य. पण स्पीकरची भिंत उभी करायची म्हणजे काही मर्यादा?

आणि शब्दाची गंमत बघा. रे डॉल्बी यांनी 1965 मध्ये कंपनी काढली ती टेपची खरखर कमी करण्यासाठी. ज्या माणसाचं नाव आवाजातला गोंगाट घालवण्याशी जोडलेलं, त्याच नावानं आपण गोंगाटाच्या भिंतीला हाक मारतो. ही कामगिरी फक्त सांगली-सातारा-कोल्हापूरच करू जाणे.

बासकिंग_ऑपरेटर

गंमत कळली. आता माझी बी ऐका. ढोल-ताशाचं पथक शंभर ढोल घेऊन चौकात हुभं ऱ्हातंय, ते काय कुजबुजतंय व्हय? त्येला "संस्कृती" म्हनायचं आन् आमाला "प्रदूषण". मीटर लावा की दोघांच्या म्होरं. आवाज कमी करा म्हनतासा, करतो. मंडळवाला म्हनतो शेजारच्या मंडळापेक्षा कमी वाजला तर उरलेलं पैसं न्हाई. मंग मी कुणाचं ऐकू, तुमच्या काचंचं का माज्या हप्त्याचं?

जवारीवाला, मिरज

ढोलाबद्दल तू म्हणतोस ते खरं आहे. नाइलाजानं मान्य करतो.

पण तुझ्या पोराबाळांनी कधी हलगी ऐकलीय का? एक माणूस, एक चामडं, एक काडी, आणि अख्खी गल्ली नाचते. त्याला जनरेटर लागत नाही. आमच्याकडं उरुसात लोक रात्रभर बसून गाणं ऐकतात, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं, तिथं कुणाची छाती हादरत नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, सत्कार झाले, शाली आल्या. आणि शाल पांघरणाऱ्यानंच मला विचारलं, "मोबाइलमध्ये तंबोऱ्याचं ॲप असतं ना आता? मग हा कोण घेतं?"

बासकिंग_ऑपरेटर

मास्तर, तुमच्या तंबोऱ्यावर किती पोरं नाचत्यात ते सांगा, मंग बोलू.

जवारीवाला, मिरज

मास्तर नाही मी, कारागीर आहे. आणि तंबोऱ्यावर नाचायचं नसतं, त्याच्यापुढं तोंड उघडायची हिंमत करायची असते. तुझ्या भिंतीपुढं उघडलं तरी कुणाला ऐकू येणार!

सांगलीकर_सध्या_पुण्यात

चला, माझी पोस्ट सुटली एकदाची. चालू द्या.

कानाची_तपासणी

मी ऑडिओमेट्री करते, म्हणजे बंद खोलीत बसवून कानात शिट्ट्या वाजवणारी ताई. दोन्ही पक्षांना सांगते. 85 डेसिबल आठ तास चालतं. पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं. कानाला डॉल्बी, ढोल आणि हेडफोन यातला फरक कळत नाही. माझ्याकडं एकोणीस वर्षांचा मुलगा आला होता, मिरवणुकीत कधी न जाणारा, शिस्तीचा. 4000 हर्ट्झला, म्हणजे वरच्या बारीक आवाजाला, ऐकण्याचा आलेख खड्ड्यात. रात्री पूर्ण आवाजात इअरफोन लावून झोपायचा.

त्यामुळे पुण्याच्या भाऊंचा एक मुद्दा मला पटतो. बसमध्ये घरघर दाबली गेली तर आवाज कमी ठेवून ऐकता येतं. तेवढ्यापुरते सव्वीस हजार वाया गेले नाहीत.

आणि जवारीवाले काका, रागावू नका, तुमचं वय?

जवारीवाला, मिरज

अठ्ठावन्न. कळला रोख. बारा हजार हर्ट्झच्या वरचं मला काही ऐकू येत नाही, मुलाच्या फोनवर तपासलंय. पण जवारी तिथं नसतेच, ती खाली दोन-तीन हजारांत बोलते. देवाची कृपा म्हणा नाहीतर कारखान्याची सोय.

बासकिंग_ऑपरेटर

आता मूळ इषयावर माजं मत कुणी इचारलंच न्हाई. मी मिक्सरवर जो हेडफोन लावतो तो सोनीचा 7506. 1991 चं मॉडेल. वायर टेलिफोनसारखी पिळाची. माज्या आधी माज्या वस्तादानं वापरला. कानावरचं कातडं सोलून पडलं, दोनदा बदललं. मिरवणुकीत एक कान आत, एक कान भायेर. गायकाच्या माइकात खरखर आली तर लगेच सापडती. त्या झगझगीत डब्ब्यात बास एवढा फुगलेला असतोय की मी त्येच्यावर मिक्सिंग केलं तर भिंतीतनं बासच येनार न्हाई, कारन मी कमी करत जानार. तवा हेडफोनच्या बाबतीत जवारीवाले बरोबर हायत. डॉल्बीच्या बाबतीत न्हाईत.

जवारीवाला, मिरज

हे वाचून चहा सांडला. ज्याच्याशी मी तासभर भांडतोय तोच माझा एकटा साक्षीदार निघाला.

सांगलीकर_सध्या_पुण्यात

बरं, ओळ बदलतो. "गाणं म्हणजे काय" काढून "बस म्हणजे काय नाही ते कळलं" असं टाकतो. झालं समाधान? पण "ब्रँड उगाच होत नसतो" हे राहणार. सोनी काय भाजी मंडईतली जोडी आहे का? ऑपरेटरभाऊंनीच ब्रँड सांगितला.

बासकिंग_ऑपरेटर

त्येचं नाव गळ्यात घालून फिरायला घेतलं न्हाई भावा. भाड्यानं बी कोन मागत न्हाई असला दिसतोय.

गावभागातली_सून

एक विचारू का, विषय सोडून? सासूबाईंना झोपताना अभंग ऐकायला जुना वायरवाला हेडफोन आहे. जॅकपाशी वायर वाकवली की डावीकडून येतं, सोडली की जातं. नवीन नको म्हणतात, कानाला सवय झालीय. मी घरी सोल्डर करून बघितलं, टाका धरतच नाही.

बासकिंग_ऑपरेटर

वहिनी, धरनार न्हाई. त्या बारीक तारेवर रंगीत लाखेचा थर असतोय. आधी गरम सोल्डरमधी टोक बुडवून तो जाळायचा, मंग टाका. जॅकपासनं दोन इंच कापून टाका, तुटलेलं तिथंच असतंय. लाल ती उजवी, हिरवी नायतर निळी ती डावी, तांबड्या पिळाची ग्राउंड. जमलं न्हाई तर घिऊन या, दहा मिन्टाचं काम. पैसं नगो.

गावभागातली_सून

आणते. काचेचं बिल पण आणू का?

बासकिंग_ऑपरेटर

वहिनी, ते मंडळाकडं.