एका मुलीसाठी स्टेशन? पुरे करा राव ते फॉरवर्ड

घाटवाट: काल फॅमिली ग्रुपवर परत आलं. बर्फातलं लाकडी स्टेशन आणि खाली मजकूर : ‘जपान सरकारने एका विद्यार्थिनीसाठी स्टेशन चालू ठेवलं, आणि आपल्याकडे?’ 2016 पासून हे वाचतोय. फोटो असतो जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या कामी-शिराताकी स्टेशनाचा. पोरगी चढायची क्यू-शिराताकीला, म्हणजे त्याच सेकिहोकू रेल्वेमार्गावर दोन स्टेशनं पुढे. 26 मार्च 2016ला ही दोन्ही आणि शिमो-शिराताकी अशी तिन्ही एकदम बंद झाली. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि रेल्वेचं वेळापत्रकही मार्चमध्येच बदलतं. त्याच दिवशी होक्काइदोला शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुरू झाली. तारखा जुळल्या, की गोष्ट तयार! शिवाय निर्णय सरकारचा नाही, तिथली रेल्वे चालवणाऱ्या जेआर (जपान रेल्वे) होक्काइदो कंपनीचा.

सुमी_ताई: फोटो चुकला, मान्य. पण पोरीचं शिक्षण होईपर्यंत गाडी थांबत होती, हे तर खरं ना? आमच्या गावची मुक्कामी गाडी बंद झाली आणि माझ्या मामेबहिणीचं कॉलेज बारावीलाच सुटलं. तेव्हा कुणी वेळापत्रकाचा महिना नाही बघितला. आणि ‘कंपनीचा’ काय? तिचे सगळे शेअर सरकारी संस्थेकडेच आहेत.

घाटवाट: शेअरचं बरोबर, ताई. तेवढं मागे घेतो.

सापोरोकर: इथे होक्काइदोत राहतो म्हणून सांगतो. अशा स्टेशनवर माणूस नसतो म्हणजे खरंच कुणी नसतं. एक डब्याची डिझेल गाडी येते. मागच्या दाराने चढायचं, यंत्रातून नंबराची चिठ्ठी ओढायची. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फलकावर तुमच्या नंबराखालचं भाडं वाढत जातं. उतरताना चिठ्ठी आणि नाणी त्याच्याशेजारच्या पेटीत. टीसीही तोच. याला ते ‘वानमान’ म्हणतात, म्हणजे इंग्रजी ‘वन मॅन’. काही ठिकाणी स्टेशनाच्या खोलीत एक वही ठेवलेली असते, आलेगेले चार ओळी लिहितात. मी एकदा मराठीत लिहून आलोय :)

पण बिनमाणसाचं म्हणजे फुकट नव्हे. फलाटावरचा बर्फ कोण काढणार? 1987मध्ये सरकारी रेल्वेची वाटणी झाली, तेव्हा होक्काइदोच्या पदरात तोट्याचे मार्गच जास्त पडले. नोव्हेंबर 2016मध्ये कंपनीने सांगून टाकलं की सुमारे 1,237 किलोमीटर, म्हणजे जवळपास निम्मं जाळं, एकट्याने चालवणं जमणार नाही.

बोगदा_नं_7: मग होक्काइदोतल्याच कोबोरो स्टेशनाचं काय? दोन बोगद्यांच्या मधे, आसपास वस्ती नाही, धड रस्ता नाही. कंपनीला तेही बंद करायचं होतं. 2016पासून तोयोउरा गावची नगरपालिका देखभालीचा खर्च उचलते, कारण रेल्वेवेडे तिथे फोटो काढायला येतात. शाळकरी पोरीपेक्षा कॅमेरेवाले भारी पडले!

घाटवाट: उलट मला तोच सरळ व्यवहार वाटतो. ज्याला हवंय त्याने खिशात हात घालावा. गावाने घातला.

सुमी_ताई: ज्या गावात बघायला काहीच नाही, तिथल्या पोरींनी खिसा आणायचा कुठून?

बोगदा_नं_7: +1. आणि तोटा तोटा म्हणता, तर शिराताकीचा तो सेकिहोकू मार्ग चालूच आहे. काढला तो फक्त थांबा. आता कामीकावा ते शिराताकी 37.3 किलोमीटरमध्ये एकही स्टेशन नाही. शिंकान्सेन सोडली तर जेआरच्या दोन स्टेशनांमधलं हे सगळ्यात लांब अंतर. गाडी दारावरून जाते, तुम्ही बघत बसा.

घाटवाट: बघत बसायला तरी कोण उरलंय तिथे? गावं आधी रिकामी झाली, स्टेशनं नंतर.

सुमी_ताई: अहो, गाडी गेली की उरलेलेही जातात. आमच्या आळीत दोन घरांना कुलूप आहे, एवढंच सांगते.

सापोरोकर: एक राहिलं. शिमो-शिराताकी पूर्ण पुसलं नाही. मार्ग एकेरी आहे, म्हणून ती जागा क्रॉसिंगसाठी ठेवली. समोरून गाडी यायची असेल तर तिथे गाडी उभी राहते, कोकणात राहते तशीच. फक्त दारं उघडत नाहीत.